नैर्ऋत्येचा पाऊस

आरविद लेक्वेने खिडकीच्या नव्या चौकटीवरून बोट फिरवलं, आणि बोट ओलं झालं. त्याने ते रुमालाला पुसलं आणि पुन्हा फिरवलं. पुन्हा ओलं. तिसऱ्या वेळी त्याने डाव्या हाताचं बोट वापरलं, कारण उजव्या हाताला मुळातच घाम आला असण्याची शक्यता होती. डावंही ओलं झालं.

"गळतंय," तो म्हणाला.

"मला काय सांगतोस?" स्वयंपाकघरातून गुनवोर, म्हणजे त्याची बायको, म्हणाली. "तो बाहेरच बसलाय. त्याला सांग."

तो म्हणजे सुतार तोर्लाइफ. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लावलेल्या परांचीवर पाय खाली सोडून तो बसला होता. अकरा वाजले होते आणि त्याच्या मांडीवर डबा उघडा होता. तपकिरी चीज लावलेले पावाचे चार काप, मधेमधे कागद. बर्गनमध्ये सुताराच्या जेवणाच्या वेळी कुणी कामाची गोष्ट काढत नाही. आरविदला तेवढंच निमित्त पुरलं.

"जेवतोय तो. नंतर सांगतो."

"नंतर तो भिंत बंद करेल, मग सांग हं. त्या घराचं काय झालं, विसरलास?"

"कुठलं घर?"

"खालच्या वळणावरचं! लाकडाच्या भिंतीत दोन वर्षं पाणी मुरत राहिलं. शेवटी सुताराला हत्यार लागलं नाही, चमच्याने भिंत काढली त्याने."

आरविदला ते घर आठवत होतं, चमचासुद्धा आठवत होता. त्याचं वय एकाहत्तर. चाळीस वर्षं तो शहराच्या दप्तरखान्यात चर्चच्या जुन्या नोंदवह्या तपासत असे. त्या कामात त्याने हजारो चुका शोधल्या होत्या. पण त्या करणारी माणसं दोन-दोनशे वर्षांपूर्वी वारली होती, त्यामुळे कुणाला तोंडावर सांगायची वेळ आली नव्हती. जिवंत माणसाची चूक त्याने आयुष्यात काढली नव्हती. हॉटेलात सूप गार आलं तर तो कोट घालून प्यायचा.

त्यातून या वेळी चूक आहे हेही त्याला पक्कं माहीत होतं, आणि तेच वाईट होतं. वाचनालयातून तीन पुस्तकं आणून त्याने वाचली होती. तिन्ही पुस्तकं एकच सांगत होती. खिडकीच्या डोक्यावर वाकवलेल्या पत्र्याची पट्टी बसवायची, आणि भिंतीवरचा काळा कागद त्या पत्र्याच्या वरच्या कडेवरून खाली आणायचा. कौलं जशी एकावर एक, तसं. म्हणजे कागदावरून ओघळलेलं पाणी पत्र्यावर येतं आणि बाहेर पडतं. तोर्लाइफने पत्रा कागदाच्या वरून ठोकला होता आणि फटीत पांढरा लेप भरला होता. पाणी कागदावरून ओघळणार आणि सरळ पत्र्याच्या मागे जाणार. हे आरविदला चित्र काढून सांगता आलं असतं. फक्त कुणाला सांगायचं, एवढाच प्रश्न होता.

तो कॉफीचा थर्मास घेऊन बाहेर गेला.

"छान," तो म्हणाला.

"काय छान?"

"हवा. म्हणजे सकाळी पाऊस होता, पण आता..."

"आता उघडलंय," तोर्लाइफने मान्य केलं.

"पुन्हा येईल म्हणतात."

"येईल की. जाणार कुठे?"

हवेवर दहा मिनिटं बोलल्याशिवाय या गावात कुणी कुणाला वाईट बातमीसुद्धा देत नाही. आजच्या पावसावरून ते गेल्या आठवड्याच्या पावसावर गेले, तिथून एका जुन्या हिवाळ्यावर. तेव्हा सलग किती दिवस पडला होता, यावर दोघांचं जुळेना. आरविदने लगेच तोर्लाइफचा आकडा मान्य केला. मग कॉफीचा दुसरा कप ओतता ओतता तो म्हणाला, "ते... खिडकीत जरा ओल दिसली."

तोर्लाइफचं चावणं थांबलं. "जरा म्हणजे?"

"बोटाला लागेल इतकी."

"मग बोट कशाला लावलंस?"

आरविदने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं. "मी वाचत होतो," तो चाचरत म्हणाला, "की कागद जर पत्र्याच्या वरून घेतला..."

"वाचत होतास."

"हो."

"मी पस्तीस वर्षं खिडक्या बसवतोय, आरविद. पस्तीस. वाचत नव्हतो." त्याने डब्याचं झाकण लावलं. "आता मला सांग, सकाळचा पाऊस कुठल्या दिशेचा होता?"

"मी पाहिलं नाही."

"मी पाहिलं. वायव्येचा होता. वायव्येचा पाऊस वर्षातनं दोनदा येतो, दूरच्या नातेवाइकासारखा, आणि कुठनंही घरात शिरतो. त्याच्यासाठी कुणी खिडकी बांधत नाही. आपला पाऊस नैर्ऋत्येचा. तो आला आणि थेंब दिसला, तर मग बोल."

हे तो इतक्या शांतपणे म्हणाला की आरविदला आपण तक्रार केल्याचं वाईट वाटलं. तो थर्मास घेऊन आत आला.

"काय म्हणाला?"

"पाऊस चुकीच्या दिशेने आला म्हणाला."

"मग तू काय म्हणालास?"

"आणखी कॉफी हवी का, विचारलं."

गुनवोरने हात पुसले, तीच खिडकी उघडली आणि डोकं बाहेर काढलं. "तोर्लाइफ! नैर्ऋत्येचा पाऊस आला आणि आत थेंब पडला, तर काय करशील?"

"तर सगळं उचकटून नव्याने करतो!" तो हसत म्हणाला. "कधीही बोलाव. असेन तिथनं उठून येतो. पण सोळा तारखेपर्यंत. सोळाला मी फळ्या ठोकून भिंत बंद करणार आणि परांची उतरवणार. सतरा मेला, देशाच्या सणाला, परांची लागलेल्या घरावर झेंडा चढला, तर गावात मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"आणि नाही पडला थेंब तर?"

"तर तुझा नवरा चारचौघांत माझी माफी मागेल आणि काम पुरं झाल्याच्या कागदावर सही करेल. मान्य?"

"मान्य," गुनवोर म्हणाली, आणि खिडकीतूनच तिने आरविदचा हात धरून तोर्लाइफच्या हातात दिला.

त्या दिवशी मे महिन्याची पाच तारीख होती. अकरा दिवस हातात होते. बर्गनमध्ये अकरा दिवसांत पाऊस न पडणं म्हणजे समुद्राने रजेवर जाण्यासारखं होतं. आरविद त्या दिवशी निर्धास्त जेवला.

सहा तारखेला ऊन पडलं.

सातला जास्त पडलं. आठला लोकांनी अर्ध्या चड्ड्या बाहेर काढल्या. नऊ तारखेला सगळ्या डोंगरउतारावर मांस भाजल्याचा धूर होता, आणि अनोळखी माणसं एकमेकांना पाहून हसत होती. आरविद मात्र दर तासाला अंगणात जाऊन समुद्राकडे बघत होता. नैर्ऋत्य कोपऱ्यात एक ढग दिसला की त्याचं काळीज हलायचं. ढग बेटामागे थोडा घुटमळायचा आणि विरून जायचा.

"काय दिवस आहे!" समोरच्या घरातली ओदलाउग कुंपणावरून ओरडली. सत्तरी ओलांडलेली ही बाई रस्त्यावरच्या प्रत्येकाच्या अंगणाची जबाबदारी स्वतःकडे समजायची. "असं ऊन पंचवीस वर्षांत पाहिलं नाही मी!"

"हो ना," आरविद म्हणाला. मासा खाताना घशात काटा अडकावा, तसा तो शब्द निघाला.

दहा तारखेला नगरपालिकेचं पत्रक आलं. हिवाळ्यात बर्फ कमी पडला, डोंगरावरच्या तळ्यांचं पाणी खाली गेलं, म्हणून बागेत नळी लावायला बंदी. गाडी धुवायला बंदी. आरविदने ते पत्रक दोनदा वाचलं. नळीने भिंतीवर पाणी मारून बघायचं त्याने आदल्याच दिवशी ठरवलं होतं, आणि धीर गोळा करायला एक दिवस घेतला होता.

"झारी," गुनवोर म्हणाली. "झारीला बंदी नाहीये."

अकरा तारखेला, तोर्लाइफ परांचीवर असतानाच, आरविद माडीच्या खिडकीतून वाकला आणि झारीभर पाणी त्याने भिंतीवर सोडलं. पाणी सरळ खाली आलं, पत्र्यावर पडलं आणि पत्र्याच्या कडेवरून तोर्लाइफच्या बुटांत गेलं. आत थेंबही आला नाही.

तोर्लाइफने वर पाहिलं. रागावला नव्हता तो. एखाद्या आजाऱ्याकडे बघावं, तसा बघत होता.

"आरविद. या गावात पाऊस वरून पडतो असं तुला कुणी सांगितलं?"

ते खरं होतं. बर्गनचा पाऊस आडवा येतो. छत्री इथे पुढे धरतात, ढालीसारखी. हे जन्मभर पाहूनही आपल्याला सुचू नये, याची आरविदला लाज वाटली. संध्याकाळी जेवणाचं ताट त्याच्यासमोर तसंच राहिलं. खरंच आपलं चुकत असेल का? पुस्तकं लिहिणारी माणसं राजधानीतली. तिथे पाऊस वेगळा असतो.

"तुझं बोट ओलं झालं होतं की नव्हतं?" गुनवोरने विचारलं.

"झालं होतं."

"दोन्ही हातांचं?"

"दोन्ही."

"मग जेव."

चौदा तारखेला त्याला युक्ती सुचली. पाणी आडवं मारायला हवं आणि ते नगरपालिकेचं असता कामा नये. ओदलाउगकडे सफरचंदाच्या झाडांवर औषध फवारायचा, पाठीवर अडकवायचा पंप होता. तो त्याने "जरा हवा होता" एवढंच म्हणून मागून आणला. मग दोन कॅन घेतले आणि एकशे चौतीस पायऱ्या उतरून धक्क्यावर गेला. समुद्राचं पाणी भरून एकशे चौतीस पायऱ्या चढला. अशा तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्याचे गुडघे त्याच्याशी बोलेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गुनवोर गायनवृंदाच्या तालमीला गेली होती. तोर्लाइफ दुसऱ्या कामावर होता, चार वाजता फळ्या टाकायला येणार होता. आरविदने पावसाळी कोट चढवला, पंप पाठीला लावला, होकायंत्र काढून नैर्ऋत्य दिशा नक्की केली आणि परांचीवर चढून भिंतीवर आडवा फवारा सोडला. वारा नेमका समोरून होता. निम्मा फवारा भिंतीवर गेला, निम्मा त्याच्या अंगावर परतला. पण तो दांडा मारत राहिला. पंप रिकामा झाला, तेव्हा घाईघाईने उतरून बुटांसकट तो आत धावला.

चौकटीवर पाणी होतं! बोटाला लागण्यासारखं नव्हे, ओघळण्यासारखं. खालच्या फळीवर एक, दोन, तीन... सात थेंब त्याने मोजले.

"आरविद लेक्वे!"

खिडकीबाहेर ओदलाउग उभी होती. तिचे दोन्ही हात कमरेवर होते.

"पाण्याला बंदी आहे, आणि तू भिंत धुतोयस? माझ्या पंपाने?"

"हे... हे नळाचं नाहीये."

"मग आभाळातनं आलं?"

"समुद्राचं आहे."

ओदलाउगने त्याच्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, मग पुढे होऊन भिंतीला बोट लावलं आणि चाखलं. तिचा चेहरा बदलला. "खारं आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "आरविद, गुनवोर कुठे आहे? तुला बरं वाटत नाहीये का?"

तेवढ्यात तोर्लाइफ आला. ओदलाउगने त्याला सगळं सांगितलं, आवाज तसाच हळू ठेवून.

"माझ्या पत्र्यावर खारं पाणी?" तोर्लाइफ म्हणाला. "गंजला तर मी जबाबदार नाही हं आता."

"पण आत बघ!" आरविद म्हणाला. आपला आवाज चढला, हे त्याला स्वतःलाच ऐकू आलं आणि तो दचकला. "म्हणजे, वेळ असेल तर. आत सात थेंब आहेत."

तोर्लाइफ आत आला. फळीवर आता सात नव्हे, बारा-पंधरा थेंब होते. जमिनीवरही होते. खुर्चीवर होते. आरविदच्या टोपीतून, बाह्यांतून, पाठीवरच्या रिकाम्या पंपातून पाणी ठिबकत होतं. तो वाकून थेंब दाखवत असताना कोपरातून आणखी चार पडले.

"यातले माझे कुठले आणि तुझे कुठले?" तोर्लाइफने विचारलं.

आरविदला सांगता येईना. तोर्लाइफ चौकटीपाशी जरा रेंगाळला, डोळे बारीक करून वरच्या कडेकडे पाहिलं, घसा खाकरला. "उद्या बंद करतो," एवढंच म्हणून तो फळ्या उतरवायला गेला.

सोळा तारखेला सकाळीच गुनवोरने आरविदला गावात पाठवलं. सतरा मेच्या न्याहारीला तिची बहीण आणि मेव्हणे येणार होते. धुरावलेला मासा, अंडी, लोणी, झेंड्याची नवी दोरी आणि धोब्याकडचा कोट, एवढं आणायचं होतं. ती स्वतः चर्चमध्ये फुलं लावायला गेली. प्रत्येक दुकानात अर्धं गाव रांगेत होतं आणि उद्याच्या उन्हाबद्दल बोलत होतं. आरविद परतला तेव्हा तीन वाजून गेले होते.

भिंत बंद झाली होती. फळ्या ठोकलेल्या, वर पांढऱ्या रंगाचा हात मारलेला, परांची गेलेली. स्वयंपाकघराच्या टेबलावर सहीचा कागद होता आणि त्यावर पेन ठेवलेलं. खरं तर झालेलं काम देखणं होतं. आरविदने नव्या फळ्यांवर तळहात ठेवला. आत, अर्ध्या इंचावर, कागद आणि पत्रा होते. आता तो चमचा येईपर्यंत कुणाला दिसणार नव्हते.

"सही करू नकोस," गुनवोर म्हणाली.

"अवधी संपला. सोळापर्यंत म्हणाला होता."

"अजून तारीख सोळाच आहे."

रात्री बारापर्यंत सोळाच राहिली आणि आभाळ निरभ्र राहिलं.

सतरा मेला आठ वाजता आरविदने झेंडा चढवला. खालच्या शाळेचं वाद्यपथक तालीम करत होतं. गुनवोरने चांदीची बटणं लावलेला सणाचा पोशाख घातला होता. बहीण आणि मेव्हणे आले, टेबलावर मासा आला, रेडिओ म्हणाला दिवसभर ऊन. पावणेनऊला मेव्हणे कप हातात धरून म्हणाले, "अरे, हे काय?"

बेटाच्या मागून काळंभोर काहीतरी वर येत होतं. कोपऱ्यातूनच, नैर्ऋत्येच्या. नऊला पहिली सर काचेवर आडवी आदळली. खाली वाद्यपथकाचा सूर मधेच तुटला आणि पोरं छपराखाली पळाली. सगळ्या उतारावरून एकच सुस्कारा निघाला. अख्खं गाव बारा महिने ज्या एका दिवसासाठी ऊन मागतं, तो दिवस वाहून चालला होता.

आरविद टेबलापाशी उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर दहा दिवसांत प्रथमच रंग आला होता.

"तोंड सरळ कर," गुनवोर दातांतून म्हणाली. "लोक बघतायत."

"नैर्ऋत्य आहे!"

"कळलं. फोन कर."

"अवधी संपला ना पण. आणि आज सतरा मे. तो मिरवणुकीत असेल."

"असेन तिथनं उठून येतो म्हणाला होता. कर."

आरविदने फोन लावला. तीन वेळा हवामानाबद्दल सुरुवात केली, कारण दुसरं काही सुचेना, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी तेवढंच पुरलं. "येतो," तोर्लाइफ म्हणाला. अर्ध्या तासात तो दारात उभा होता. गुडघ्यापर्यंतची विजार, लोकरी मोजे, लाल बंडी, सगळं चिंब. सुतारांच्या तुकडीचा झेंडा दुसऱ्याच्या हातात देऊन आला होता.

सगळे खिडकीसमोर उभे राहिले. आरविदने खालच्या फळीवर पांढरा रुमाल पसरला, म्हणजे कुणाला शंका राहायला नको. त्याने स्वतः फळीपासून चार पावलं अंतर ठेवलं आणि कोरडा सदरा घातला होता. बाहेर पाऊस भिंतीला झोडपत होता. पाच मिनिटं गेली. मेव्हण्यांनी घड्याळ पाहिलं. दहा मिनिटं गेली.  पंधरा मिनिटांनी गुनवोर पुढे झाली, चौकटीच्या वरच्या कडेवरून, डाव्या-उजव्या कोपऱ्यातून तिने बोट फिरवलं. मग ते सगळ्यांना दाखवलं.

कोरडं होतं.

ती बोटाकडे अविश्वासाने बघत राहिली. आरविदने स्वतः बोट फिरवून पाहिलं नाही. त्याला एकदम ओळखीचं वाटलं सगळं. आपलंच चुकलं असणार, हे आयुष्यभर त्याला आतून माहीत होतं. फक्त या वेळी त्याने ते इतक्या लोकांना बोलावून दाखवलं होतं.

"तोर्लाइफ," तो म्हणाला, "माझं चुकलं. मी तुझ्या कामावर विनाकारण शंका घेतली. सणाच्या दिवशी तुला पावसातनं आणलं. मला माफ कर."

"होतं असं," तोर्लाइफ म्हणाला. तो खिडकीबाहेर बघत होता. "मनाला लावून घेऊ नकोस."

आरविदने कागद आणला आणि सही केली. गुनवोरने ओठ घट्ट मिटून तोर्लाइफला खुर्ची दिली, टॉवेल दिला आणि मलईच्या केकचा तुकडा वाढला. तोर्लाइफने एक घास घेतला, दुसरा घेतला, आणि त्याला हळूहळू बरं वाटू लागलं.

आरविद कॉफीची किटली घेऊन येत होता, तेवढ्यात दार वाजलं. ओदलाउग होती, भिजलेली छत्री आणि झाकलेली थाळी घेऊन.

"वाफल्स आणलेत. तुला बरं आहे ना आता?" तिने आत डोकावलं. "तो तोर्लाइफ ना? बरं झालं बोलावलंत. काल बिचाऱ्याने जेवणसुद्धा केलं नाही."

"काल?"

"अकरा वाजले तरी डबा उघडला नाही! मी स्वयंपाकघरातनं बघत होते. तू खाली उतरलास आणि हा लागला. त्या खिडकीवरचा पत्रा होता ना, तो सगळा उचकटला. मग कागद कापला, वर केला, पत्रा त्याच्या खाली सारला, कागद पुन्हा वरून आणला. तीन तास! आणि सारखा वळून पायऱ्यांकडे बघत होता. मी म्हटलं, केवढा हा कामाचा नीटसपणा. एकदा केलेलं काम माणूस पुन्हा करतो!"

आरविद हातातली कॉफीची किटली घेऊन उभा राहिला. कागद पत्र्याच्या वरून. त्याला तिथेच बसावंसं वाटलं. मग त्याच्या मनात आलं की पुन्हा एकदा आपण काही चुकीचं ऐकलं असेल, म्हणून त्याने ओदलाउगला सगळं परत सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही तेच निघालं.

तो आत गेला. तोर्लाइफ रंगात आला होता. मेव्हणे हसत होते.

"...नाही, आरविद भला माणूस आहे. पण माणूस फार वाचायला लागला की त्याला कोरड्या भिंतीतही पाणी दिसायला लागतं, काय?"

आरविद त्याच्या खुर्चीपाशी येऊन थांबला. या वेळी बोलायचंच, हे त्याने ठरवलं होतं. पण सुरुवात कशी करायची? हवेपासून? आणि "लपवलंस" म्हणावं की "सांगितलं नाहीस"? "लपवलंस" जरा कडक वाटत होता. शब्द निवडता निवडता तो तसाच उभा राहिला. किटली तिरपी, कॉफी ओतत नाही, नजर तोर्लाइफवर.

त्याच्या मागून ओदलाउग आली आणि तोर्लाइफच्या शेजारी बसली. "काल जेवलास का रे शेवटी?" तिने मायेने विचारलं.

तोर्लाइफचा चमचा केकमध्ये रुतला तो तिथेच राहिला. त्याने ओदलाउगकडे पाहिलं. मग मान वर करून आरविदकडे.  आरविद अजून पहिल्या शब्दावर होता.

"तळघराचं दार अडकतं का रे तुझं?" तोर्लाइफने एकदम विचारलं.

आरविदने तोंड उघडलं.

"येताना लक्षात आलं माझ्या. उद्या येतो, रंधा मारून देतो. त्याचं काही लागणार नाही."

आरविदने तोंड मिटलं. दारामुळे त्याचा क्रम चुकला होता. आता सगळं पुन्हा पहिल्यापासून जुळवायला हवं होतं. तो तोर्लाइफकडे बघत राहिला.

"कठडापण हलतोय," तोर्लाइफ म्हणाला. त्याच्या कपाळावर पावसाचं नसलेलं पाणी दिसू लागलं. "तोही करतो. तुझ्या वयाच्या माणसाने हलता कठडा ठेवू नये."

मेव्हण्यांनी केक खाणं थांबवलं. गुनवोरने नवऱ्याकडे पाहिलं, ओदलाउगकडे पाहिलं, सुताराच्या कपाळाकडे पाहिलं. तिने आरविदच्या हातातली किटली काढून घेतली आणि त्याला खुर्चीत बसवलं, बरोबर तोर्लाइफच्या समोर. केकची बशी त्याच्या पुढे सरकवली.

आरविदने एक घास घेतला. घास तोंडात असताना बोलायचं नाही, अशी त्याला लहानपणापासूनची शिस्त होती. तो सावकाश चावत राहिला, आणि चावताना समोरच बघत राहिला, कारण समोर दुसरं काही नव्हतं.

"बरं बाबा!" तोर्लाइफ जवळजवळ ओरडला. "छपराची पन्हळ पण! उत्तरेची आणि पूर्वेची, दोन्ही!"

आरविदने घास गिळला. त्याला वाक्य सापडलं होतं. सभ्य होतं, पुरतं होतं, एक शब्द जास्त नव्हता की एक कमी. त्याने घसा साफ केला आणि पुढे वाकला.

गुनवोरने त्याच्या बशीत केकचा दुसरा तुकडा वाढला.

"आधी खा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "अजून जिना राहिलाय."